उत्कर्षा जिने चढते

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन उत्कर्षाला अकरा दिवस झाले होते. पाठीच्या दुखण्यावर सुरू झालेल्या गोळ्यांनी आयटीतल्या या हुशार मुलीला चार वर्षांत पार पोखरून टाकलं होतं. आता गोळ्या सुटल्या होत्या. पण आईच्या हातच्या आमटीला चव लागत नव्हती, भाचीच्या फोनवर हसू येत नव्हतं. रडूही येत नव्हतं. ती नुसती बसून असायची.

पुण्यात विश्रांतवाडीच्या त्यांच्या सोसायटीत वडिलांनी, हिंमतरावांनी, सांगून ठेवलं होतं, ‘पोरगी बंगळूरला आहे.’ त्यामुळे तिला बाहेर पडायची सोयच नव्हती.

केंद्रातल्या समुपदेशक कल्याणीताई भेटायला आल्या. बंद खिडक्या पाहून म्हणाल्या, “काका, हिला घरी आणलंत की कोंडायला आणलंत?”

“लोकांना काय सांगू?”

“ते नंतर बघा. आधी हिला रोज चालू द्या.”

“चालून व्यसन सुटतं होय? मग थेट सारसबागेतच भरती केली असती!”

कल्याणीताई चिडल्या नाहीत. “नुसतं चालून नाही सुटत. औषधं, भेटी चालूच राहणार. पण बरं वाटायला लावणारी रसायनं मेंदू स्वतः तयार करतो ना, ते काम इतकी वर्षं गोळ्या करत होत्या. मेंदू ते विसरत आलाय, म्हणून तिला काहीच वाटत नाही. ही आळशी नाही, काका. अंग हललं, घाम आला की मेंदू पुन्हा हळूहळू कामाला लागतो, गोळीची ओढही थोडी कमी होते. महिने लागतात. पण अंधारात बसून ते होत नाही.”

उत्कर्षाला पटलं असं नाही. पण नाही म्हणायलाही जोर नव्हता. दुसऱ्या दिवसापासून दुपारी सगळं सामसूम असताना ती जिने चढू-उतरू लागली. चार मजले वर, चार खाली. काही वाटलं नाही. दोन आठवडे गेले. झोप जरा लागू लागली, एवढंच.

एके दुपारी सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब जिन्यात भेटले. “काय गं, बंगळूरहून कधी आलीस?”

मागून हिंमतराव भाजी घेऊन वर येत होते. उत्कर्षानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. हिंमतरावांनी कठडा घट्ट धरला.

“ती बंगळूरला नव्हतीच, आप्पासाहेब! गोळ्यांचं व्यसन लागलं होतं, उपचार घेऊन आलीय. खोटं मी बोललो. लाज मला वाटत होती, तिचा काय दोष!”

आप्पासाहेबांनी हिंमतरावांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली. मग म्हणाले, “मग जिन्यात कशाला? गुडघे जातील पोरीचे. रस्ते काय फक्त गाड्यांना दिलेत?”

दुसऱ्या सकाळपासून बाप-लेक आळंदी रस्त्यानं चालू लागले. कुणी वळून पाहिलं, कुणी कुजबुजलं. महिना गेला, दुसरा सरत आला. एका सकाळी उत्कर्षा मध्येच थांबली.

“बाबा, टाच दुखतेय. फोड आलाय.”

“थांब, डॉक्टरांना फोन करतो.”

“नको. दुखतंय हे कळतंय तरी!”

आणि कित्येक महिन्यांनी तिचे डोळे भरून आले. हिंमतराव फूटपाथवर खाली बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लेकीच्या बुटाची नाडी सोडू लागले.

मंडळी, व्यसनातून उठलेल्या माणसाचा मेंदूही आजारातून उठत असतो. त्याला औषध हवं, व्यायाम हवा आणि घरच्यांचा धीर हवा. आपण मात्र त्याला दाराआड लपवतो आणि अब्रू वाचली म्हणतो. आपल्या घरी, शेजारी असं कुणी असेल, तर त्याला बाहेर आणा आणि त्याच्या बरोबरीनं चाला.