गेल्या वर्षीचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रेडशीट आहे. आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटी आणि चौकटींत आकडे, एवढेच माझे रूप. पण मला कमी लेखू नका. एका मुलीचे सगळे वाढणे माझ्या पोटात आहे.

माझा जन्म कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात झाला. तिथे एका खोलीत प्लास्टरचे साचे सुकत, दुसरीत दिवसभर कानस चाले, आणि मधल्या खोलीत मापवाल्या ताई बसत. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल आणि जिभेला धार. प्रत्येक माणसाची वेगळी फाइल, ही त्यांची शिस्त. भिंगरी पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची होती. तिचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता, तरी दुसऱ्या पायावर उड्या मारत तिने सगळी खोली पालथी घातली. भिंगरी हे नाव ताईंनीच ठेवले. तिच्यासाठी ताईंनी कोऱ्या नमुना-फाइलची एक प्रत काढली. ती प्रत म्हणजे मी.

माझा खरा डौल होता एका हिरव्या रकान्यात. त्याच्यामागे ताईंनी स्वतः लिहिलेला मॅक्रो होता. मॅक्रो म्हणजे फाइलच्या पोटातच राहणारा छोटासा प्रोग्राम. वाढत्या मुलांचा पाय हे मोठे अवघड प्रकरण असते. आज नेमका बसणारा पाय बघता बघता आखूड पडतो. ताईंनी नवे माप भरले, की मॅक्रो जुन्या सगळ्या भेटींची मापे धुंडाळी आणि नव्या पायात वाढीसाठी किती वाव ठेवायचा ते हिरव्या चौकटीत लिही. कारागीर त्याप्रमाणे पाय घडवत, आणि तो पहिल्याच खेपेला बसे. "तुमची लेक धांदरट आहे, पण हिची फाइल शहाणी आहे," असे ताई भिंगरीच्या आईला सांगत. माझी छाती फुगून येई. दोन भेटींच्या मधल्या काळात मात्र माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. महिनोन्महिने मी अंधारात पडून असे.

मला उघडताना दर वेळी पडद्यावर एक सूचना येई, की या फाइलमध्ये मॅक्रो आहे, चालू द्यायचा का? ती कुणी वाचत नसे. दारात कोण उभे आहे हे न बघता कडी काढावी, तसे सगळे 'हो' दाबून मोकळे होत. एकदा भांडार विभागात मेलमधून एक परकी फाइल आली. कुणीतरी सवयीने 'हो' दाबले आणि तिच्या पोटातल्या दुष्ट मॅक्रोने विभागातले सगळे संगणक ठप्प केले. मग वरून फर्मान निघाले. यापुढे मॅक्रो असलेली एकही फाइल उघडणार नाही, आणि अशा सगळ्या फाइली महिनाअखेरीस पुसल्या जातील. आमचे धाबे दणाणले. कारखान्यात आम्ही हजारो बहिणी होतो, आणि प्रत्येकीच्या पोटात ताईंचा तोच मॅक्रो होता.

नेमकी त्याच आठवड्यात भिंगरी आली. आता ती चांगली उंच झाली होती. जुना पाय आखूड पडल्यामुळे कमरेत झुकून चालत होती, आणि तरीही तोंडाचा पट्टा चालूच होता. तिला दूरच्या शाळेत, वसतिगृहात जायचे होते.

"ताई, वर्षभर इकडे यायला जमायचं नाही," तिची आई म्हणाली. "हा पाय वर्षभर पुरायलाच हवा. नाहीतर मी हिला पाठवत नाही."

भिंगरीचे तोंड पहिल्यांदाच बंद झाले. ताईंनी मला उघडायला घेतले. मी उघडले नाही.

ताईंनी आधी घरगुती इलाज करून पाहिला. माझ्या नावाची, फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे बदलून मला मॅक्रो नसलेली फाइल म्हणून पुढे केले. संगणकाने मला दारातूनच परत पाठवले. ताईंची भाची संगणक विभागात होती आणि नवा नियम पाळला जातो की नाही हे बघणे तिच्याकडेच होते. तिला हसू आवरेना.

"आत्या, आडनाव बदललं म्हणजे आतला माणूस बदलतो का? त्यापेक्षा सरळ नव्यानं मापं घे ना."

"आजचं माप घेईन गं," ताई म्हणाल्या. "गेल्या वर्षीचा पाय आता कुठून आणू मोजायला? तो किती वाढला, कधी वाढला, हे त्या फाइलीतच आहे."

भाचीचे हसू मावळले. ती म्हणाली, "मग मॅक्रो काढून टाकू. एकेक फाइल हातानं करत बसलो तर जन्म जाईल. मी प्रोग्राम लिहिते, तो सगळ्यांचं करेल."

"माझा मॅक्रो काढणार तू? शिकवायला कुणी नव्हतं तेव्हा ठेचा खात शिकले मी ते."

"मला माहीत नाही का? तुझ्या मांडीवर बसून आकडे मीच भरायचे."

ताई चहाचे कप उगाचच दोनदा विसळून आल्या आणि म्हणाल्या, "कर. पण आधी नकलेवर कर."

मित्रांनो, फाइल म्हणजे एक गाठोडे असते. आकड्यांची पुडी वेगळी, रंगांची वेगळी, आणि मॅक्रोचीही वेगळी. भाचीच्या प्रोग्रामने माझ्या नकलेचे गाठोडे सोडले, मॅक्रोची पुडी बाहेर काढली, यादीतून तिचे नाव खोडले आणि पुन्हा गाठ मारली. माझी ती जुळी बहीण झटकन उघडली. मापे जागच्या जागी होती. हिरव्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, चूक, चूक, चूक. ती चौकट दर वेळी उत्तर मॅक्रोलाच विचारी; तोच गेल्यावर ती तरी काय बोलणार? ताईंनी कपाळाला हात लावला.

"गेली बिचारी."

"कुठं गेली? क्रम माझा चुकला," भाची म्हणाली. "जुनी उत्तरं मूळ फाइलीत लिहिलेली आहेतच. आधी ती साधे आकडे म्हणून पक्की करायची, आणि मग पुडी काढायची."

"आणि पुढची उत्तरं?"

"तुझा हिशोब चौकटीतल्या साध्या सूत्रात मांड. सूत्राला कुणी अडवत नाही."

ताई कुरकुरत बसल्या. कागदावर कागद खरडले, फाडले, पुन्हा खरडले. शेवटी सूत्र जमले आणि ते जेमतेम दोन ओळींचे निघाले. ताईंनी ते पुन्हा पुन्हा वाचले. "एवढंसंच होतं, तर मी तेव्हा एवढा पसारा कशाला मांडला होता?" असे म्हणून त्या स्वतःच हसल्या.

मग माझी पाळी आली. खोटे कशाला बोलू, मी घाबरले होते. पण दुखले काहीच नाही. हिरव्या रकान्यातले आकडे एकेक करून घट्ट झाले, ताईंचे सूत्र जागेवर येऊन बसले, आणि पोटातली जुनी पुडी अलगद निघाली. माझ्यामागून हजारो बहिणी रांगेने गेल्या. एकीचाही आकडा सांडला नाही. ताईंनी मला उघडले, तर पडद्यावर कसली सूचना नाही की विचारणा नाही. मी ताठ मानेने समोर उभी राहिले. ताईंनी भिंगरीचे नवे माप भरले आणि हिरव्या चौकटीत उत्तर उमटले. मधल्या खोलीत टाळ्या वाजल्या, कानसवाले कारागीरही हातातले काम टाकून बघायला आले. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतके कौतुक कधी झाले नव्हते.

नवा पाय घालून भिंगरी उभी राहिली तेव्हा तिची कंबर सरळ होती. ताई गुडघे टेकून बराच वेळ बघत राहिल्या आणि तिच्या आईला म्हणाल्या, "पाठवा तिला."

मित्रांनो, पडद्यावरची सूचना वाचल्याशिवाय 'हो' दाबू नका. जुनी फाइल धोक्याची वाटली तर तिला पुसू नका, आधी तिच्यातला धोका तेवढा काढा. काही मापे पुन्हा घेता येत नाहीत, ती आमच्याजवळच असतात. आणि ताईंनी सांगितले तसे आधी नकलेवर करून बघा.

आज सकाळी भिंगरी वर्षाने परत आली. खुर्चीवर बसायच्या आधीच तिने दोन्ही पाय पुढे केले. "ताई, पाय पुरला," ती म्हणाली. "बूट मात्र तीनदा फाटले."

ताईंनी मला उघडले आणि नवी ओळ भरायला घेतली.