दुसऱ्याच्या मापाची मूठ

मी मूठ बोलतेय. पाच बोटांची नव्हे हो, पिस्तुलाची. दचकलात ना? सगळेच दचकतात. अहो, गोळी सुटते ती पुढून, मी बिचारी मागे असते. धरणाऱ्याच्या हातात नीट बसायचं, एवढंच माझं काम. आणि नेमकं तेवढंच मला जन्मात जमलं नाही. का जमलं नाही ते सांगते, ऐका.

माझा जन्म ओसाकातला. एका अरुंद इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कान्दासानचं दुकान आहे. या देशात घरात खरं पिस्तूल सापडलं तर माणूस थेट तुरुंगात. म्हणून इथली हौशी माणसं खोटी पिस्तुलं घेतात. दिसायला हुबेहूब, पण गोळी सुटत नाही. आणि यांचे नखरे काय सांगू! पिस्तूल खोटं चालतं, मूठ मात्र खरीच हवी. अस्सल अक्रोडाची, आणि अमेरिकेतल्या मूळ मापापेक्षा केसभरही इकडेतिकडे नको. कान्दासान तीस वर्षं अशा मुठी कोरत बसले होते. खऱ्या पिस्तुलाला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

१९९३च्या मार्चमध्ये कोबेहून नयना आमच्या दुकानात आली. नवऱ्याच्या, म्हणजे जयप्रकाशच्या नोकरीमुळे ती चार वर्षं जपानात होती. त्याच्या ऑफिसातल्या एकाला या खोट्या पिस्तुलांचा नाद होता, त्यानं पत्ता दिलेला. नयना सकाळी डब्यांच्या दुकानात आरुबाइतो, म्हणजे तासांवारी काम करायची, भात भरायची. तिथल्या बायकांकडून शिकलेल्या जपानीत ती कशीबशी म्हणाली, "माझ्या वडिलांच्या पिस्तुलाला मूठ हवी आहे. पिस्तूल भारतात आहे. खरं आहे."

कान्दासाननी दातांमधून लांबलचक श्वास आत ओढला. इथं याचा अर्थ 'बाई, भलतंच काय मागता' असा होतो. नयनानं घाईघाईनं परवान्याची झेरॉक्स पुढे केली, पिस्तुलाचा फोटो दाखवला. लहानसं, पाच गोळ्यांचं, खिशात मावणारं. म्हातारा फोटो बघत राहिला. आपण कोरलेली मूठ एकदा तरी खऱ्या पिस्तुलाला लागेल, हे त्याच्या डोक्यात शिरलं आणि त्याचा चेहरा पोरासारखा फुलला.

मग नयनानं पर्समधून आणखी एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं हाताचा पंजा काढलेला. अहो, त्यांच्या कोल्हापूरकडे चपला मागवायच्या तर कागदावर पाऊल ठेवतात, भोवती पेन्सिल फिरवतात आणि कागद धाडून देतात. चपला अगदी पायाच्या मापाच्या येतात. तिच्या बाबांनी तीच पद्धत मुठीला लावली होती.

बाबांचं नाव मोरेश्वर. वनखात्यातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. चंदगडजवळ काजूच्या बागेत राहायचे, गावापासून तीन किलोमीटर आत. सोबतीला जुना गडी पंढरीनाथ, बस्स. पुण्यातला मुलगा उदय पाठीस लागला होता, बाग विका नि इकडे या. त्यातच शेजारच्या बागेत चोरी झाली आणि उदयचा घोषा वाढला. शेवटी बाबांनी त्याला ठणकावलं, "जोवर माझ्या हातात पिस्तूल धरवतंय तोवर मी इथून हलणार नाही. धरवेनासं झालं की गपगुमान तुझ्या घरी येईन." आणि मागच्या दारानं नयनाला कळवलं, 'मूठ लहान पडते, करंगळीला जागा नाही. तिकडे मोठी मिळेल का? उदयला बोलू नकोस.'

नयनाला तर बरंच वाटलं. "आई गेली तेव्हा मी शेवटच्या दिवशी पोचले," ती एकदा जयप्रकाशला म्हणाली. "बाबांसाठी इथून काहीच करता येत नाही मला. त्यांना त्यांच्या घरात राहायचंय ना? मग मूठ मी पाठवणारच."

कान्दासाननी काउंटरच्या काचेवर मुठी मांडल्या. रबराची हातात घट्ट बसते, पण खिशातून काढताना कापडाला अडकते. आखूड लाकडी खिशात कळत नाही, पण करंगळी लोंबकळत राहते. लांब मुठीवर सगळी बोटं बसतात, पण खिसा फुगतो. "वडील खिशात ठेवतात की उशाशी?" त्यांनी विचारलं. उशाशी म्हटल्यावर त्यांनी तो कागद सरळ केला, आखूड जाड बोटांवरून आपलं बोट फिरवलं आणि म्हणाले, "मजबूत हात आहे." "हो तर! जंगलात आयुष्य गेलं त्यांचं," नयना म्हणाली. कान्दासाननी मला उचललं. सगळ्यांत लांब, पोटात सगळ्यांत भरलेली मीच होते.

कुणीतरी येणारं-जाणारं असतंच. जयप्रकाशच्या एका सहकाऱ्याच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून मी पुण्याला गेले आणि तिथून कुरिअरनं चंदगडला. पंढरीनाथनं पाना-पेचकस घेऊन जुनी मूठ काढली, मला बसवलं, आणि पिस्तूल बाबांच्या हातात दिलं.

अगं बाई! तो हात कागदावरचा नव्हताच. लांब, बारीक, गार बोटं, आणि थरथर तर अशी की हिवताप भरलाय. मला धरायला गेला आणि मी टेबलावर आपटले.

"साहेब," पंढरीनाथ हळूच म्हणाला, "माप माझ्या हाताचं धाडलंत. तुमाला कशी बसंल?"

"तू गप रे. माझा हात कागदावर ठरतो का? नागमोडी रेघ बघितली असती तर पोरगी दुसऱ्या दिवशी विमानात बसली असती, नाहीतर उदयला फोन केला असता. मला बागेतून हलवायला टपलेत सगळे."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना! म्हातारा हट्टी खरा, पण मला त्याचा राग येईना. रोज संध्याकाळी तो मला दोन्ही हातांनी धरायचा, ओठ आवळून थरथर थांबायची वाट बघायचा. थरथर थांबायची नाही. मी आपलं अंग त्याच्या तळव्याला टेकवून असायचे. लाकूड अजून काय करणार?

दर रविवारी नयनाचा फोन यायचा. ती पहिल्या श्वासात विचारायची, "बाबा, मूठ बसली का?"

"बसली गं, पण गुळगुळीत आहे. निसटते."

मी परत जपानला. कान्दासाननी माझ्या दोन्ही अंगांवर बारीक जाळी कोरली, म्हणजे तळवा सरकणार नाही. मी पुन्हा चंदगडला. "आता जाड वाटते," बाबा म्हणाले. मी पुन्हा ओसाकाला. कान्दासाननी पोटाकडून कानस मारली, पॉलिशपेपर घासला. मला दुखलं का म्हणून विचारू नका, कुणीच विचारलं नाही. माझा निम्मा देह भुशात गेला. त्या हाताला हवी ती मूठ जगात नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. सांगणार कशी?

ऑक्टोबरमध्ये बाबांनी नवी शक्कल काढली. झोपताना हात मला लावायचा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायची. डॉक्टरची, पांढरी.

पंढरीनाथनं हात जोडले. "साहेब, निदान गोळ्या तरी काढून ठेवा."

"मग चोर आला तर त्याला काय नुसती मूठ दाखवू?"

आठच दिवसांत व्हायचं ते झालं. पहाटे साडेपाचला पंढरीनाथ दुधाची बरणी घेऊन मागच्या दारानं आत आला. रोज यायचा, तसाच. बाबा झोपेतून दचकून उठले. बोट चापावर होतं, हात थरथरत होता, आणि मी त्या हाताला पट्टीनं जखडलेली. गोळी सुटली ती पंढरीनाथच्या डोक्यावरून वीतभर अंतरानं चौकटीत घुसली. बरणी खाली पडली, दूध सगळीकडे झालं.

 पंढरीनाथनंच येऊन पट्टी सोडवली. म्हणाला, "लागलं न्हाई मला. तुमी बसा, साहेब." बाबा बसले आणि लहान मुलासारखे रडले. पण मुलांना सांगायचं म्हटल्यावर पुन्हा तेच! "कळलं की बाग गेली," म्हणाले. पंढरीनाथनंही तोंड शिवलं. रविवारी फोन आला, "मूठ बसली का, बाबा?" आणि उत्तर गेलं, "अजून जरा बारीक करून घे गं, म्हणजे बसेल."

नोव्हेंबरात मी तिसऱ्यांदा कान्दासानच्या काचेवर पडले. या वेळी त्यांनी कानस उचलली नाही. भिंग घेतलं. माझ्या खालच्या कडेवर खळगे होते, पडून पडून झालेले. जाळीच्या खाचांत पांढरट डिंक साचला होता, त्यात पट्टीचे धागे. अंगठ्याची जागा मात्र कोरीच, तिथे घामाचा डागसुद्धा नाही. म्हातारा भिंगातून बघत राहिला आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, बघा, नीट बघा!

"नयनासान," ते म्हणाले, "तुमच्या वडिलांना मूठ धरता येत नाही. ते हाताला बांधून घेतात." आणि त्यांनी आपला हात पुढे करून थरथरवून दाखवला. "माझ्या पत्नीचा हात असा होता. सहा वर्षं."

"नाही हो, त्यांचा हात तर..." नयनानं तो पंज्याचा कागद काढला. तिनं आपला हात त्या पंज्याशेजारी ठेवला. तिची बोटं लांब, बारीक. सगळे म्हणायचे, पोरीनं बापाचे हात घेतलेत. कागदावरची बोटं आखूड, जाड. आठ महिने तो कागद तिच्या पर्समध्ये होता.

"हा बाबांचा हातच नाही," ती मराठीत म्हणाली. कान्दासानना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली.

घरी आल्यावर तिनं मला फोनशेजारी ठेवलं. उदयला कळवू नकोस म्हणून बाबांनी तिच्याकडून वचन घेतलेलं.

"वचन मोडलं तर बाबा परत माझ्याशी बोलायचे नाहीत," ती जयप्रकाशला म्हणाली.

"आणि नाही मोडलंस तर? भरलेलं पिस्तूल हाताला बांधून झोपतात ते, नयना. तुला जमत नसेल तर मी करतो फोन."

"नको. मीच करते." तिनं पुण्याचा नंबर फिरवला. "दादा, तू आजच चंदगडला जा," म्हणाली आणि मुठीचं सगळं सांगून टाकलं.

उदय गेला. पंढरीनाथनं चौकटीतलं भोक दाखवलं. पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं आणि पंधरवड्यात बाबा पुण्यात, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बाग पंढरीनाथच्या हवाली.

तीन आठवडे बाबांनी फोनवर यायचं नाव काढलं नाही. चौथ्या रविवारी आले. नयना ताठ बसली होती, शिव्या खायची तयारी करून.

"बाबा, चिडलात ना माझ्यावर?"

"नाही गं. त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग. शहाणा माणूस आहे."

"मी वचन मोडलं..."

"मोडलंस ते बरं केलंस. पंढरी मेला असता माझ्या हातून." आणि मग बाबा म्हणाले, "नयना, तीनदा मूठ पाठवलीस गं. दर रविवारी मूठ बसली का म्हणून विचारलंस. एकदा तरी हात कसा आहे म्हणून विचारलं असतंस, तर खरं सांगितलं असतं मी तुला."

फोन संपला. जयप्रकाशनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. मी शेजारीच होते. तिचा दोष नाही हो, एवढ्या लांबून माणूस करणार तरी काय!

आता मी तिच्या टेबलाच्या खणात असते. खण नीट लागत नाही, त्यामुळे फोनवरचं सगळं ऐकू येतं. ती दर रविवारी आधी तेच विचारते, "बाबा, हात कसा आहे?" आणि तिकडून दर रविवारी उत्तर येतं, "छान आहे गं, पहिल्यापेक्षा खूप बरा." उदय दिवसभर ऑफिसात असतो, त्यालाही तसंच सांगत असणार. नयनाला ते खरं वाटतं. मे महिन्यात सुट्टी मिळाली की जाऊ, असं तिचं नि जयप्रकाशचं ठरलंय.

तो हात मी धरलाय. आठ महिने मी त्याच्यात येत-जात होते, तो बरा होणारा नाही. तिला कुणीतरी सांगा हो, मेची वाट बघू नकोस म्हणावं, मिळेल त्या विमानानं जा. फोनवरून हात दिसत नाही. मला सांगता आलं असतं तर मी कधीच सांगितलं असतं.