साडेपाच तासांचं गाऱ्हाणं

विज्ञानाने माणसाला काळावर विजय मिळवून दिला आहे, असं सुशांत घाडी अकरावीच्या पहिल्याच तासाला सांगत असे. गेलेला क्षण साठवता येतो आणि हवा तेव्हा पुन्हा बघता येतो, हे तो उदाहरणं देऊन पटवून देई. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र सातच्या बातम्या बघायच्या तर साडेसहालाच तयारीला लागावं लागे.

याला कारण टीव्हीखालचा काळा डबा. तो डबा नसून कॉम्प्युटर होता, आणि त्याला डबा म्हटलेलं सुशांतला खपत नसे. नऊ वर्षांपूर्वी त्याने तो स्वतःच्या हाताने जोडला, आत टीव्हीचं कार्ड बसवलं, छपरावरच्या डिशची वायर त्यात खोचली आणि चांगला चालणारा जुना सेट-टॉप बॉक्स कुणाला तरी देऊन टाकला. डब्यात जे सॉफ्टवेअर होतं ते पाच-पंचवीस देशांतली माणसं आपल्या फावल्या वेळात बनवत होती. ते सिनेमांची पोस्टरं भिंतभर मांडून दाखवी, नटनट्यांची जन्मगावं सांगे, मालवणच्या समुद्रावर वारा किती आहे तेही सांगे. फक्त टीव्ही लावायला सांगितलं की विचारात पडे. 'टीव्ही' या शब्दाखाली बारीक अक्षरांत 'प्रायोगिक' असं लिहिलेलं होतं. तिसऱ्या आवृत्तीत ते होतं, सहावीतही होतं. पुढच्या आवृत्तीत टीव्हीकडे नक्की लक्ष देऊ, असं प्रत्येक आवृत्तीबरोबर सांगण्यात येई.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची होती. हे सॉफ्टवेअर आपल्या घड्याळाला लंडनचं घड्याळ समजे आणि त्यात इमानेइतबारे साडेपाच तास मिळवी. त्यामुळे कार्यक्रमांच्या यादीत सकाळची भजनं साडेअकराला आणि दुपारची मालिका दिवेलागणीला दिसे. सुशांतने त्यावर तोड काढली होती. सेटिंगमध्ये एका कोपऱ्यात त्याने हाताने 'उणे साडेपाच' असं भरून ठेवलं होतं. पण तोड म्हणजे न्याय नव्हे. म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मंचावर नऊ वर्षांत त्याने या विषयावर सतरा वेळा लिहिलं, आदबशीर इंग्रजीत. दर वेळी खाली नागपूर, कोलंबो, मदुराई इथली माणसं "माझंही तेच" असं लिहून जात.

"ह्या गाऱ्हाणाच झाला," त्याची बायको विनीता एकदा त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाली. "तुमी बोलतास आणि हे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतत. पण बाबांनी गाऱ्हाणा घातला तर देव निदान उजवी-डावी पाकळी देवन हो-नाय तरी सांगता. तुमचो देव नव वर्सा नुसतो वाचता."

बाबा म्हणजे सुशांतचे वडील, गंगाराम घाडी. देवासमोर गावाचं गाऱ्हाणं तेच घालत. चाळीस वर्षं घातलं. जत्रेला, शिमग्याला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय हरवली, कुणी आखातात निघालं, की गंगारामांचा आवाज देवळात लागे आणि गाव मागून होकार भरी. एरवी माणूस घुमा. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलले तर दिवाळी. गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग त्यांनी कुणालाच करू दिलं नाही. "ह्या देवाक सांगूचा, मोबाईलाक नाय," एवढंच म्हणत.

गेल्या डिसेंबरात एका वाहिनीची माणसं कॅमेरे घेऊन जत्रेला आली. गंगाराम नाही म्हणाले. मग मानकऱ्यांनी देवालाच कौल लावला, उजवी पाकळी पडली, आणि देवाने हो म्हटल्यावर घाडी नाही कसा म्हणणार? कॅमेऱ्यासमोर त्यांनी सहा मिनिटांचं गाऱ्हाणं घातलं. मार्चमध्ये, काजूच्या दिवसांत, ते गेले.

मग घरात शोधाशोध झाली. तीन मोबाईल मिळून गंगारामांचे चार व्हिडिओ निघाले. चारही व्हिडिओंत ते कॅमेरा बघून सही करायला बोलावल्यासारखे गप्प उभे होते.

"तोंड आठवता रे," सुशांतची आई रुक्मिणी एकदा भात वाढता वाढता म्हणाली. "आवाज येणा नाय. काल आख्खी सकाळ बसलंय आठवीत. बसलंय, बसलंय, आणि शेवटी तुझ्या काकाचो आवाज इलो."

ऑगस्टमध्ये कळलं, की त्यांच्या देवळाचा भाग मंगळवारी सकाळी अकरा वाजता दाखवणार आहेत. एकदाच. इंटरनेटवर वगैरे टाकायची या वाहिनीची पद्धत नव्हती. सुशांतने फोन करून विचारलं तेव्हा पलीकडच्या मुलीने "आम्ही तसलं काही करत नाही" असं सांगितलं होतं, जणू त्याने काही भलतंच मागितलं असावं.

मंगळवारी तो शिकवत असलेल्या कणकवलीच्या कॉलेजात घटक चाचणी होती. रजा मिळेना. विनीताचीही बँक. आणि आईला डबा चालवता येत नव्हता. निळं बटण, खाली तीनदा, थांबायचं, चक्र फिरून झालं की उजवीकडे, इथपर्यंत ती शिकली होती. पण चक्र फिरून झालंच नाही तर पुढे काय, हे सुशांतलाही ठाऊक नव्हतं.

शेजारची सुगंधा कुंपणाकडे येऊन म्हणाली, "काकी, अकराक आमच्याकडे येवा. आमच्याकडे बटान दाबल्याबरोबर दिसता."

हे शेवटचं वाक्य सुशांतला लागलं. "वहिनी," तो म्हणाला, "तुमच्याकडे एकदाच दिसतला. आमच्याकडे कायमचा रवतला. आये, मी रेकॉर्ड करून ठेवतंय. संध्याकाळी सगळी मिळून बघूया. मगे रोज बघ."

"रोज?" आईने विचारलं.

"दिवसातून चारदा."

त्याने कामात कसूर केली नाही. रविवारी यादीत कार्यक्रम शोधून त्यावर लाल खूण केली. सोमवारी सकाळी चाचणी म्हणून शेतीचा कार्यक्रम रेकॉर्ड केला. भातावरच्या तुडतुड्यांविषयी अर्धा तास, आवाज स्वच्छ. आईने तोही पूर्ण बघितला आणि समाधानाने मान हलवली.

मंगळवारी साडेबाराला पेपर सुटला. सुशांत गठ्ठा बांधून स्टाफरूममध्ये आला आणि त्याने मोबाईल उघडला. मंचाकडून पत्र होतं. नवी आवृत्ती काल सायंकाळी निघाली असून ज्यांनी परवानगी दिलेली आहे त्यांच्या यंत्रांवर ती आपोआप बसली आहे. सुशांतने परवानगी दिलेली होती. सुधारणांच्या यादीत एकतिसावा मुद्दा असा, की भारतीय वेळेतली साडेपाच तासांची चूक दुरुस्त करण्यात आली असून ती चिकाटीने नजरेस आणून दिल्याबद्दल एस. घाडी यांचे आभार.

त्याने ते दोनदा वाचलं. समोरच्या टेबलावरच्या नम्रता मॅडमनी विचारलं, "काय सर, पेढे का?"

"नऊ वर्षांनी एका माणसाने माझं ऐकलं," सुशांत म्हणाला.

"मिसेसनी?"

तो हसला. हसता हसता त्याचा हात शिल्लक पुरवणीकडे गेला आणि तिच्या पाठीवर त्याने उगाच एक वजाबाकी मांडली. सॉफ्टवेअरने चूक करायचं सोडलं होतं, पण कोपऱ्यातलं 'उणे साडेपाच' काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा वजा साडेपाच. उत्तर साडेपाच आलं. सकाळचे. डब्याने रेकॉर्डिंग तेव्हाच केलं असणार. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाने ती वजाबाकी आणखी दोनदा करून पाहिली. मग मॅडमना "गठ्ठा कपाटात ठेवा" एवढं सांगून तो निघाला.

चोवीस किलोमीटर. रस्त्यात त्याने पुष्कळ वाक्यं जुळवली आणि सोडून दिली.

घरी आई टीव्हीसमोर बसली होती. जत्रेला नेसायची ती साडी नेसलेली. डब्यावर एक जास्वंदीचं फूल ठेवलेलं होतं.

"सुगंधा बोलवूक इल्ली," ती म्हणाली. "पावणेअकराक. गेलंय नाय. म्हटला, माझो झिल संध्याकाळी येतलो, मगे एकत्र बघतलंव. तू लवकर कसो इलंस? लाव."

"आये, संध्याकाळी..."

"लाव रे."

सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून त्याने लावलं. डब्याने यादीत कार्यक्रमाचं नाव, देवळाचं नाव, सगळं अचूक दाखवलं. चित्र उमटलं. एक तरतरीत माणूस भाजी कापायचं यंत्र विकत होता. त्याने गाजर कापलं, काकडी कापली, मग कांदा कापला आणि डोळ्यांना पाणी येत नाही म्हणून डोळे दाखवले.

"जाहिरात मोठी आसा," आई म्हणाली.

माणसाने कोबी घेतला. आई पदर नीट करून सावरून बसली, आता येईल या हिशेबाने. ती तशी बावीस मिनिटं बसली. माणसाने अकरा भाज्या कापल्या. प्रत्येक भाजीनंतर आई थोडी पुढे सरकत होती, आणि सुशांत तिच्याकडे न बघता यंत्राची पाती मोजत होता.

"तेका सांग बाबांका सोडूक," शेवटी ती म्हणाली, टीव्हीकडे बघत.

मग त्याने सांगितलं. लंडन, साडेपाच तास, दुरुस्ती, आभार. आईने सगळं ऐकून घेतलं. तिला त्यातलं एकच कळायचं होतं.

"म्हणजे ता नाय?"

"नाय."

"आणि परत?"

"परत नाय."

तिने उठून डब्यावरचं फूल उचललं, खिडकीत ठेवलं आणि आत जाऊन साडी बदलली. बाहेर आल्यावर विचारलं, "जेवलंस?"

संध्याकाळी विनीता घरी आली. ऐकून घेतल्यावर तिने त्याला काहीच टोमणा मारला नाही, हे त्याला फार जड गेलं. "बाबलीक इचारून येवा," ती म्हणाली. "निदान काय होता ता तरी आईंका कळांदे. बाबा खंयची ओळ कशी म्हणाले, ता सांगात तो. तेका आवाज आठवात."

बाबली म्हणजे सुगंधाचा नवरा, सुशांतचा शाळासोबती. तो पडवीत मासेमारीचं फाटलेलं जाळं शिवत होता. त्याने सरकून जागा दिली.

"काकींका कित्या नाय पाठवलंस?"

"चुकला माझा. तू बघितलंस?"

"सुरवातीपासना शेवटपर्यंत. बरो केल्लो आसा कार्यक्रम."

"बाबा दिसले?"

"दिसले तर. समईच्या बाजूक उभे. फेटो मस्त दिसत होतो."

"गाऱ्हाणा आख्खा दाखवल्यानी?"

बाबलीने गाठ दातांनी तोडली.

"वीसेक सेकंद आसात. तोंड हलताना दिसता. आवाज बंद केल्लो, वरसून वाहिनीवाली बाई देवळाच्या खांबांची उंची सांगत होती."