सात घोडे आणि एक इस्त्रीवाली

"आणखी एक खिळा मारायला सांगितला ना, तर मी तो माझ्याच कपाळात मारून घेईन," सुतारमामा पुटपुटले. बोलले ते भिंतीशी, पण शिडी मी धरली होती, म्हणून ऐकलं मी.

"कपाळात आधीच एवढ्या आठ्या आहेत. खिळ्याला जागा कुठे?"

"हसा. शिडी धरणाऱ्याला सगळं सुचतं."

आम्ही संग्रहालयाच्या मागच्या बोळात होतो. एका बाजूला सामानाची खोली, दुसऱ्या टोकाला स्वच्छतागृह. समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं, एवढी रुंदी. वर एक ट्यूबलाइट होती, तीही मन मानेल तेव्हा पेटणारी. इथे आम्ही एक चित्र लावत होतो, आणि ही त्याची जागा नव्हे हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मी संग्रहालयात सभासदांचं टेबल सांभाळते. वर्गणी घेते, कार्डं करते, पत्रं पाठवते आणि लोकांची समजूत काढते. हे शेवटचं काम नेमणुकीच्या पत्रात नव्हतं, पण दिवस त्यातच जातो. आमचे सभासद म्हणजे निवृत्त नर्स, शिंपी, शाळामास्तर, एक बसचालक, दोन बहिणी ज्या एकमेकींशी बोलत नाहीत पण वर्गणी एकत्र भरतात. मोठी माणसं नव्हेत. पण पावसाचं पाणी तळघरात शिरलं तेव्हा चित्रं डोक्यावर घेऊन जिने चढली ती हीच मंडळी.

त्यांची एक पद्धत आहे. दरवर्षी वर्गणीतून एक चित्र विकत घ्यायचं. तीन चित्रं सभागृहात मांडायची आणि प्रत्येकाने आपली खुर्ची उचलून आवडलेल्या चित्रासमोर नेऊन बसायचं. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या नाहीत. ज्याच्यासमोर जास्त खुर्च्या, ते चित्र आपलं. दोन वर्षांपूर्वी जवळजवळ सगळ्या खुर्च्या एकाच चित्राकडे सरकल्या. त्या दोघी बहिणीसुद्धा शेजारी शेजारी बसल्या.

हातभर रुंदीचं चित्र. इस्त्री करणारी एक बाई, पाठमोरी. तिच्यासमोर वाफ. बस, एवढंच. पण त्या पाठीकडे बघून आपलीच कंबर दुखायला लागते.

काढणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या. जन्मभर लॉन्ड्रीत नोकरी केली आणि रात्री स्वयंपाकघरात चित्रं काढली. चित्र घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. "भिंतीला लागलं की मला बोलवा. मला ते दहा पावलांवरून बघायचंय. आमच्या स्वयंपाकघरात तीनच पावलं होती." त्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडत चाललाय. डॉक्टरांनी आधी वर्षं सांगितली, मग महिने.

आणि हे चित्र दोन वर्षं आमच्या सामानाच्या खोलीत कापडात गुंडाळून पडलं होतं. "पुढच्या तिमाहीत नक्की" अशी पत्रं सभासदांना मीच लिहिली, एकूण सहा. सहावं लिहिताना पाचव्याची नक्कल काढून फक्त तारीख बदलली.

कारण भिंत नव्हती. म्हणजे होती, मोठी, उजेडाची, नव्या दालनात. हे दालन बांधून दिलं गादीवाल्या साहेबांनी. त्यांचा गाद्यांचा कारखाना. माणूस सज्जन, आवाज चढवून बोललेला कोणी ऐकला नाही. पण त्या दालनात चारही भिंतींवर त्यांच्या दिवंगत पत्नीने काढलेले सात घोडे आहेत. प्रत्येक घोडा दारापेक्षा मोठा. एक धबधब्यापाशी, एक चंद्राखाली, बाकीचे नुसतेच उधळलेले. पायांचा हिशोब लागत नाही. शाळेची मुलं सहलीला येतात तेव्हा गुडघे मोजतात.

आणि ते घोडे आणले मी. हे मी कोणाला सांगत नाही.

चार वर्षांपूर्वी दालन बांधून झालं तेव्हा देणगीच्या शेवटच्या कागदांवर सह्या घ्यायला मॅडमबरोबर, म्हणजे आमच्या संचालिकांबरोबर, मी साहेबांच्या घरी गेले होते. सह्या झाल्या, चहा झाला. बोलायला काही उरलं नाही. समोर भिंतीवर घोडा. मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. मी म्हणाले, "अय्या, ही चित्रं तर संग्रहालयातच हवीत." साहेब म्हणाले, "असं वाटतं तुम्हाला?" मॅडमनी मान डोलावली. आठवड्याने टेम्पो आला.

करारात घोड्यांबद्दल एक अक्षर नाही. पण दर गुरुवारी साडेअकराला साहेब येतात, दालनात चार-पाच मिनिटं उभे राहतात, घड्याळ बघतात आणि जातात. म्हणून घोडा हलवायचा नाही.

त्या दिवशी सकाळीही मी मॅडमच्या खोलीत गेले होते.

"मॅडम, बाई आज येतायत. एकच घोडा उतरवू या."

"आज गुरुवार आहे."

"त्यांना आजच वेळ मिळालाय. भाची सुट्टी काढून आणतेय."

"आणि साहेबांना काय सांगू? घोडा चरायला गेलाय?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वरचा मजला व्हायचाय अजून. शब्द दिलाय त्यांनी, नुसता शब्द. तुला कळतंय ना? बोळात लाव. छान पाटी कर."

पाटी छान केली.

सव्वाअकराच्या सुमाराला बाई आल्या. एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला आमच्या सभासदांच्या अध्यक्षा, नर्सताई. नर्सताईंनी बोळ बघितला, स्वच्छतागृहाचं दार बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पाटी पुसायला घेतली.

बाईंना समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. मान वाकडी करून त्यांनी चित्राचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "सरका गं पोरींनो, मला मागे जायचंय."

एक पाऊल. दोन. तीन. पाठ भिंतीला टेकली.

"अरेच्चा," त्या म्हणाल्या. हाताने भिंत चाचपली. मग जरा हसल्या. "घरी इथेच ओटा लागायचा."

त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ओरडल्या नर्सताई, पण दबक्या आवाजात, वॉर्डात ओरडतात तशा. "एवढ्या खुर्च्या उचलून नेल्या आम्ही, त्या संडासाच्या रांगेतून चित्र बघायला? सहा पत्रं आहेत माझ्याकडे. सहाही तुमच्या सहीची."

"ताई, वरून सांगतात तसं..."

"वरून कोण सांगतं? देव?"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मला जरा बसायला हवंय. बाकडं आहे कुठे?"

बाकडं फक्त नव्या दालनात आहे. मी घड्याळ पाहिलं. अकरा पस्तीस. पण दमलेल्या म्हातारीला काय सांगणार?

साहेब तिथेच उभे होते, धबधब्याच्या घोड्यासमोर, हात मागे बांधून. आम्हाला पाहून बाजूला झाले, बाकड्यावरची आपली टोपी उचलली आणि बाईंना जागा करून दिली. बाई टेकल्या. मान वाकडी करून भिंतीकडे बघत राहिल्या.

"हे काय आहे मोठं?"

"घोडा," साहेब म्हणाले. "माझ्या बायकोने काढलाय. ती असती तर इथे लावल्याबद्दल माझ्यावर रुसली असती."

"तुमच्या मिसेस फार विनयशील होत्या," मागून मॅडमचा आवाज आला. त्या धावत आल्या होत्या, दम लागला होता. सुतारमामाही शिडी घेऊन दारात येऊन थांबले होते. त्यांना तिथे काहीच काम नव्हतं.

"तुम्हीही चित्रं काढता?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"एक आहे इथे. आत बोळात."

"खास जागा केलीय आम्ही," मॅडम म्हणाल्या. सुतारमामांना खोकला आला.

"मला ते दहा पावलांवरून बघायचं होतं," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलल्या. "तिथे तीनच होतात. पुढच्या महिन्यात दहा असली तरी उपयोग नाही."

 साहेब भिंतीपासून निघाले आणि दालनभर चालत गेले, एकेक पाऊल मोजून टाकत. पलीकडच्या भिंतीपाशी वळले.

"इथे चौदा होतात. यातला एखादा घोडा काढा की."

"छे छे, साहेब," मॅडम म्हणाल्या. "असं कसं? लोक खास या चित्रांसाठी येतात."

"येतात?"

"म्हणजे काय."

नर्सताई छताकडे बघायला लागल्या. भाचीने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. मामा शिडीच्या पायरीवरचा रंग नखाने खरवडत होते. चार वर्षं आम्ही सगळे हेच करत होतो.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही टेबलावर असता. लोक तुमच्याशी बोलतात. काय म्हणतात या चित्रांबद्दल?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत वरचा मजला होता, आणि तो मलाही हवा आहे. तळघरात अजून दोनशे चित्रं पडून आहेत. मी तोंड उघडलं. "लोकांना फार..." एवढं जिभेवर तयार होतं, सातव्या पत्रासारखं, फक्त तारीख घालायची बाकी. बाकड्यावर बाई मान वाकडी करून मी कुठे उभी आहे ते शोधत होत्या.

"काही म्हणत नाहीत, साहेब," मी म्हणाले. "हसतात. ही चित्रं चांगली नाहीत. त्या दिवशी तुमच्या घरी मी खोटं बोलले."