चुकीची ऑर्डर

आता जे सांगतोय त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. पहिल्यांदा सांगताना माझाही बसला नव्हता.

एक विणकर होता. अर्धी खोली त्याने व्यापलेली, उरलेली अर्धी त्याच्या मागाने. त्याला घोर एकच, आपल्यानंतर या मागावर बसणार कोण? मुलाने मागाच्या जागी सोफा बसतो का, हे टेप लावून मापूनही ठेवलं होतं. सुनेला माग आवडायचा, जाता-येता त्यावर हात फिरवायची. पण बस म्हटलं की दोन पावलं मागे.

"नको मामंजी, माझ्या हातून चुकेल. मग तुम्ही ओरडाल."

ओरडायचा खरा. मुलगा त्या ओरडण्यानेच मागावरून पळाला होता.

अशात लुप्त होणारी कला वाचवायला एक डिझायनरबाई आल्या. अंगात चुरगळलेला, म्हणजे भारीतलाच, झगा. आधी त्यांनी खिडकीतल्या कोळ्याच्या जाळ्याचे सतरा फोटो काढले. मग विणकराची शाल हातात घेतली आणि त्यांचा चेहराच पडला.

"काका, ही फारच स्वच्छ विणली आहे हो. मशीनची वाटते. माणसाचा स्पर्श कुठाय?"

"स्पर्श म्हणजे?"

"चुका! वितीला एक तरी हवीच. आमचं गिऱ्हाईक चूक बघून घेतं."

उभं आयुष्य चुकांवरून ओरडण्यात घालवलेल्या माणसाला चुकांची ऑर्डर मिळाली! म्हाताऱ्याने शाल घडी करून ठेवली. मग सुनेकडे बघितलं आणि म्हणाला, "प्रयत्न करतो."

आठ दिवस दार लावून बसला. नवव्या दिवशी आरशासारखी शाल घेऊन बाहेर आला आणि बाईंपुढे कपाळाला हात लावला.

"नाही जमत हो. डोळ्यांवर पट्टी बांधली, तरी धागा नेणारा धोटा आपला सरळच. डाव्या पायाने विणलं. झोपेत विणलं. मुद्दाम धागा तोडला, तर मी पाणी पिऊन येईपर्यंत त्याने स्वतःच गाठ मारून घेतलेली!"

बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

"आता एकच उपाय," म्हातारा उसासा टाकत म्हणाला, "सूनबाई, तू बस. पोटभर चूक."

ओरडायची सोयच उरली नव्हती. सून बसली. पहिल्या शालीचा काठ नदीसारखा वळणं घेत गेला. बाईंचा ऊर भरून आला. "या सुटलेल्या धाग्यात केवढं मौन आहे!" दुसऱ्या शालीत मौन जरा कमी झालं. तिसरीत शोधावं लागलं. चौथी बाईंनी उजेडात धरली, उलटी केली, नाकाशी नेली. एक चूक सापडेल तर शपथ.

"हे काय, काका! हिची कला बिघडली! आता तुम्हीच बसा आणि चुका."

"मी?" म्हाताऱ्याने छाती फुगवली. "बाई, चाळीस वर्षांत या हातून एक धागा चुकलेला नाही. देवाने चूक नावाची गोष्टच या बोटांत घातली नाही, त्याला मी काय…"

मागाचा खटखटाट थांबला.

"मामंजी, चक्क खोटं बोलताय!" सून जागेवरूनच म्हणाली. "खांद्यावरचा तो रुमाल गेल्या महिन्यात तुम्हीच विणलात. काठापासून चार बोटांवर दोन धागे सुटलेत. इथून दिसतंय मला."