गोठून फुटलेला ब्लॉक

सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या एका वर्कशॉपमध्ये २०१४ साली एक म्हातारा डिझेल ट्रक आला आणि तिथल्या शामकांत मेकॅनिकची बोबडी वळली. म्हणजे आधी नाही हं, आधी तो हसलाच. उभा जन्म सिंगापूरच्या उकाड्यात गेलेल्या ट्रकला ब्लॉक हीटर! थंड मुलखात पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून लावतात तो. इथे त्याचं काय लोणचं घालायचं? वायर तर कोरी करकरीत, प्लगात कधी गेलेलीच नव्हती.

"काका, हे बघा," वर्कशॉपमधला पोरगा यश म्हणाला. इंजिनच्या ब्लॉकला वीतभर तडा गेलेला, आतून बाहेर फुगलेला. पाणी गोठल्याशिवाय लोखंड असं फुटत नाही. आणि बाहेर भरदुपारचं बत्तीस डिग्री ऊन!

शामकांतनं हात लावला आणि झटकन मागे घेतला. लोखंड बर्फासारखं गार होतं.

असा तडा त्यानं एकदाच पाहिला होता. सोळा वर्षांपूर्वी, जहाजावर नोकरीला असताना, लाइफबोटीच्या इंजिनला. उत्तरेकडच्या एका गोठत्या बंदरात हीटर लावायची ड्यूटी त्याची होती. तो घरी फोन करायला किनाऱ्यावर पळाला आणि विसरला. "सर, हीटर लावलात ना?" हाताखालच्या शिरीषनं विचारलं होतं. "लावला रे बाबा!" हा म्हणाला. दोन दिवसांनी भर समुद्रात जहाजाला आग लागली. बोट पाण्यात सोडली, इंजिन चालू होईना, लाटेनं बोट जहाजावर आपटली आणि शिरीष गेला. चौकशीत ह्या शहाण्यानं सांगितलं, ड्यूटी शिरीषची होती. मेलेला माणूस थोडाच बोलणार!

हा यश त्या शिरीषचा मुलगा. शामकांतनंच त्याला इथे नोकरीला लावलं. मनाला खात होतं ना. वडिलांचा विषय निघाला की यश मान खाली घालायचा. "माणसं मेली असती सगळी, बाबांच्या हलगर्जीपणानं," एवढंच म्हणायचा. शामकांत लगेच त्याला दुसरं काहीतरी काम सांगायचा.

यशनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिनचं दुखणं असंच ऐकतात.

"अरे, बंद इंजिनात काय ऐकतोस?" शामकांत खेकसला.

यशचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, आत कोणीतरी बोलतंय. 'सर, हीटर लावलात ना?' म्हणतंय." तो थांबला. "बाबांचा आवाज आहे हा. पण ते विचारताहेत कुणाला?"

ऊन बाधलं तुला, असं म्हणून अजूनही सुटता आलं असतं. पण शामकांतनं त्या गार लोखंडावर हात ठेवला.

"मला, यश. ड्यूटी माझी होती. मी विसरलो, आणि नाव तुझ्या बाबांचं घेतलं."

यशनं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. स्क्रूड्रायव्हर तसाच ब्लॉकवर धरून त्यानं मुठीजवळ कानाऐवजी तोंड नेलं.

"बाबा," तो म्हणाला, "माझं चुकलं हो."