महाराजांच्या चिठ्ठीतलं पाणी

शिरोळ तालुक्यातल्या त्या नदीकाठच्या गावात सकाळपासून मारुतीच्या देवळापुढं रांग लागली होती. कृष्णेचं पाणी तासातासाला चढत होतं आणि माणसं नदीकडं पाठ करून देवळात बसलेल्या महाराजांकडं तोंड करून उभी होती. महाराज डोळे मिटत, "कृष्णामाई बोलतीया," म्हणत आणि दक्षिणा घेऊन घरटी एक चिठ्ठी देत. चिठ्ठीत एकच आकडा. पुलाच्या खांबावर पाणी किती फुटांवर थांबणार, तो.

"आकडा कुणाला सांगायचा न्हाय! सांगितला की माई त्याच घरात शिरंल!" महाराज प्रत्येकाला बजावत.

गेल्या वर्षी ऊसवाल्या गणपतरावांच्या चिठ्ठीतला आकडा फुटाला फूट जुळला होता. तेव्हापासून गणपतराव म्हणजे महाराजांचा भोंगाच झाले होते.

सरपंच वर्षाराणीच्या हातात पाटबंधारे खात्याचा कागद होता, कालच गावभर वाचून दाखवलेला. पाणी सत्तावन्न ते त्रेसष्ट फुटांच्या दरम्यान थांबेल, असं त्यात लिहिलेलं. साठ फूट झालं की खालची गल्ली बुडायची. तिथं बावीस घरं, सत्तर जनावरं. संध्याकाळच्या आत उंचावरच्या पूरछावणीचा रस्ता बंद होणार होता. ट्रॅक्टर उभे होते, पण चिठ्ठ्यांच्या भरवशावर गल्ली जागची हलत नव्हती.

"सरकारला तरी कुठं ठावं हाय?" गणपतराव गरजले. "सत्तावन्न ते त्रेसष्ट! म्हस इकताना म्हणावं, दूध दोन लिटर देती न्हायतर बारा!"

लोक खदखदून हसले. वर्षाराणीनं कागदाची घडी घातली. तिच्या कमरेलाही एक चिठ्ठी खोचलेली होती, अठ्ठावन्नची. खरं सांगायचं तर तिला तो आकडा हवाच होता. अठ्ठावन्न म्हणजे कुणाला हलवायला नको आणि कुणाच्या शिव्या खायला नकोत.

तेवढ्यात हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या क्रांती मॅडम पुढं आल्या.

"गणपतराव, औंदा ऊस एकरी किती पडंल?"

"पन्नास ते साठ टन."

"नेमकं सांगा की."

"तोडणीच्या आधी नेमकं कसं सांगू?"

"मग तुम्हाला उसातलं काय कळत न्हाय म्हणायचं?"

आता लोक गणपतरावांना हसले.

"जाणत्याचा अंदाज असाच असतो," मॅडम म्हणाल्या. "खात्याचं म्हणणं एवढंच हाय की असे दहा अंदाज केले तर नऊ वेळा पाणी दोन आकड्यांच्या मधी थांबतं. एखाद्या वेळी भाईर बी जातं. ते पण त्यांनी कागदावर लिवलंय."

"पर महाराजांचं जुळलं की!" आक्का म्हणाली. खालच्या गल्लीतल्या आक्काचं घर चार म्हशींवर चालायचं. "मी न्हाय हलायची."

मॅडम वर्षाराणीकडं वळल्या. "सरपंच, तुमची चिठ्ठी वाचा. मोठ्यानं."

वर्षाराणीचा हात कमरेच्या चिठ्ठीकडं गेला. घरी तान्ही लेक झोपली होती. वाचली आणि खरंच पाणी शिरलं तर? बी.कॉम. झालेली बाई, पण त्या क्षणी ती भ्यालीच. मग तिनं आक्काकडं पाहिलं आणि चिठ्ठी बाहेर काढली.

"अठ्ठावन्न!"

"पाप केलंस!" महाराज ताडकन उठले.

"आगं बया," आक्का पुटपुटली, "माझ्यात तर सत्तावन्न हाय."

"माझ्यात एकसष्ट!" मागून कुणीतरी ओरडलं. मग काय, चिठ्ठ्या भराभर उघडल्या. मॅडम खडूनं शेजारच्या पंचायतीच्या फळ्यावर आकडे मांडत गेल्या. सत्तावन्नपासून त्रेसष्टपर्यंत सात आकडे, एकही सुटलेला नव्हता. खालच्या गल्लीत मात्र साठाला पोचणारी एकही चिठ्ठी नव्हती. सुखाच्या आकड्याला दक्षिणा जास्त पडते.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "महाराजांनी खात्याचाच अंदाज फाडून घराघरांत वाटलाय. पाणी कुठंबी थांबू दे, कुणाचं तरी जुळणारच. ज्याचं जुळतं त्यो गावभर नाचतो. ज्याचं चुकतं त्यो शापाला भिऊन गप बसतो."

महाराज चपला शोधू लागले.

"ट्रॅक्टर लावा!" वर्षाराणी म्हणाली. "आक्का, दावी सोडा."

आक्का क्षणभर घुटमळली. मग पदर खोचून गोठ्याकडं निघाली.

पाणी एकोणसाठावर थांबलं. खालची गल्ली कोरडी राहिली.

तिसऱ्या दिवशी गणपतराव पंचायतीत हजर. "कुठं आलं पाणी, सरपंचबाई? सत्तर जनावरं उगंच हिंडिवली!" त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीत त्रेसष्ट होतं, ते मात्र ते सोयीनं विसरले होते.

वर्षाराणीला ते लागलं. पण या वेळी तिनं कागदाची घडी घातली नाही.

"न्हाय आलं ते बरं झालं, काका. पर येण्याजोगं हुतं. हलवलेली म्हस परत आणता येती, बुडालेली न्हाय. फुडच्या साली असाच कागद आला तर मी पुन्हा हलवणार."

वाचकहो, छातीठोकपणे एकच आकडा सांगणारा माणूस जास्त जाणता असतो, हा भ्रम सोडा. त्याला सरळ विचारा, "किती चुकू शकतोस?" उत्तराऐवजी तो शाप देऊ लागला, तर त्याच्या भरवशावर गोठ्यात जनावर बांधून ठेवू नका.